अण्वस्त्रबंदी, अण्वस्त्र प्रसारबंदी, अणुकरार : एकच का?

प्रश्न :
राज्यसेवेच्या नोट्स काढताना गोंधळ उडालाय. एनपीटीला (अण्वस्त्रं आणखी देशांत पसरू नयेत म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय कराराला) एका पुस्तकात 'अण्वस्त्रबंदी करार' म्हटलंय, दुसऱ्यात 'अण्वस्त्र प्रसारबंदी करार', एका लेखात नुसतंच 'अणुकरार'. तिन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात का? आणि एमटीसीआरला (क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या व्यवस्थेला) करार म्हणायचं की गट?

प्रतिसाद :
नाही चालत. 'प्रसार' गाळला की करारच बदलतो.

एनपीटी १९६८ साली सह्यांसाठी खुला झाला आणि ५ मार्च १९७० पासून लागू आहे. त्यात अण्वस्त्रांवर सरसकट बंदी कुठेच नाही. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी अणुस्फोट केला ते पाच देश (अमेरिका, तेव्हाचा सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स, चीन) अण्वस्त्रधारी म्हणून मान्य, बाकीच्यांनी ती बनवायचीही नाहीत आणि मिळवायचीही नाहीत. बंदी आहे ती पसरण्यावर. सहाव्या कलमात निःशस्त्रीकरणासाठी वाटाघाटी करण्याचं वचन आहे खरं, पण मुदत घातलेली नाही. भारताचा या करारावरचा आक्षेप नेमका इथेच आहे : काहींना कायमची मुभा, इतरांना कायमची मनाई. त्यामुळे एनपीटीला 'अण्वस्त्रबंदी' म्हटलं की भारताने सही का केली नाही हेच वाचकाला कळेनासं होतं.

खरोखरचा अण्वस्त्रबंदी करार वेगळा आहे. तो २०१७ साली संयुक्त राष्ट्रांत संमत झाला आणि २२ जानेवारी २०२१ ला अमलात आला. अण्वस्त्र बाळगणाऱ्या एकाही देशाने त्यावर सही केलेली नाही.

यांच्याशी गल्लत होणारा आणखी एक करार आहे : सीटीबीटी म्हणजे सर्वंकष अणुचाचणीबंदी करार, १९९६ चा. जिनिव्हातल्या वाटाघाटीत भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष यांनी 'भारत सही करणार नाही' असं ठणकावून सांगितलं तो हा. करारात नावानिशी दिलेल्या ४४ देशांनी मान्यता दिल्याशिवाय तो लागू होत नाही, त्यात भारतही आहे, म्हणून तो अजून अधांतरीच आहे.

'अणुकरार' मात्र एनपीटीसाठी वापरूच नका. मराठी वाचकाला त्यावरून २००८ चा भारत-अमेरिका नागरी अणुकरार आठवतो, नाहीतर इराणबरोबरचा २०१५ चा.

आणखी एक प्रतिसाद :
वरच्या उत्तराशी सहमत. फक्त 'प्रसार' या शब्दाबद्दल थोडं. शिक्षणप्रसार, ग्रंथप्रसार अशा चांगल्या कामांसाठी आपण तो वापरतो, म्हणून काहींना 'फैलाव' बरा वाटतो. मला 'प्रसार'च योग्य वाटतो, कारण त्याचे आडवा आणि उभा असे दोन प्रकार सहज करता येतात. नव्या देशाच्या हाती अण्वस्त्र गेलं तर आडवा प्रसार. ज्याच्याकडे आधीच आहेत त्याने साठा वाढवला तर उभा. एनपीटीचा सगळा जोर आडव्यावर आहे.

आणि पसरतं काय, हेही बघा. तयार बॉम्ब सहसा कुणी कुणाला देत नाही. पसरतात ते सुटे भाग, साहित्य, आराखडे, माणसांच्या डोक्यातलं ज्ञान. याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली 'सायरस' अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली, तिला चालायला लागणारं जड पाणी अमेरिकेने दिलं, दोन्ही शांततेच्या कामासाठी. तिच्यात तयार झालेल्या, बॉम्बला लागणाऱ्या प्लुटोनियमचा वापर १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटात झाला. त्यानंतरच अणुपुरवठादार गट म्हणजे एनएसजी उभा राहिला, कुणाला काय विकायचं यावर लक्ष ठेवायला. २००३ मध्ये 'बीबीसी चायना' हे जर्मन मालकीचं जहाज इटलीतल्या टारांटो बंदरात वळवलं, तेव्हा त्यात लिबियाकडे निघालेले सेंट्रिफ्यूजचे (युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे) भाग सापडले. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांचं अणुतंत्रज्ञान चोरून विकणारं जाळं त्यानंतर उघडं पडलं. बातमीत 'दुहेरी वापराच्या वस्तू' असं येतं ते अशाच मालाबद्दल. पंप, नळ्या, विशिष्ट पोलाद, सगळं कारखान्यातही लागतं.

एमटीसीआरबद्दल :
गट म्हणा किंवा नियंत्रण व्यवस्था म्हणा, करार म्हणू नका. जी-७ देशांनी १९८७ मध्ये ती सुरू केली. सही-शिक्क्याचा तह नाही, सगळ्यांनी मिळून ठरवलेले नियम प्रत्येक सदस्य आपापल्या निर्यात कायद्यातून पाळतो. किमान ५०० किलो वजन किमान ३०० किलोमीटर नेऊ शकणाऱ्या क्षेपणास्त्रांवर तिचे सर्वांत कडक निर्बंध आहेत. ब्राह्मोस क्षेपणास्त्राचा पल्ला सुरुवातीला २९० किलोमीटर का सांगितला जायचा, ते यावरून लक्षात येईल. भारत २७ जून २०१६ रोजी तिचा सदस्य झाला. 'भारताने एमटीसीआरवर सही केली' हे वाक्य चूक, 'सदस्यत्व मिळालं' हे बरोबर.

मूळ प्रश्नकर्ता :
खूप आभार, आता स्पष्ट झालं. हिंदी नोट्समध्ये 'परमाणु अप्रसार संधि' आहे. मराठी उत्तरात तसंच लिहिलं तर?

उत्तर :
नको. मराठीत 'संधी'चा रोजचा अर्थ मोका, 'करार'च लिहा. आणि 'परमाणु' ऐवजी 'अणु'. हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू. आपल्या शाळेच्या पुस्तकांत अणू आणि रेणू अशीच जोडी आहे, भाभा केंद्राच्या मराठी नावातही 'अणुसंशोधन' आहे. अणु + अस्त्र = अण्वस्त्र, तेव्हा 'अण्वस्त्र प्रसारबंदी करार' लिहून कंसात एनपीटी टाका.