हार्नेस आणि अँटेना नसलेला जुना नेव्हिगेशन युनिट

एकाने विचारलंय: गाडीतल्या पायोनियरच्या जुन्या नेव्हिगेशन युनिटसोबत हार्नेस (प्लगसह वायरींचा जुडगा) आणि जीपीएस अँटेना आलेला नाही; फक्त पिवळी, लाल आणि काळी वायर जोडून युनिट चालू झालं, पण नकाशावर गाडी हलत नाही. पायोनियरच्या युनिटला आणखी तीन वायरी लागतात. फिकट हिरवी हँडब्रेकच्या स्विचकडे, जांभळी-पांढरी रिव्हर्स लाइटच्या पॉझिटिव्हवर, गुलाबी स्पीड सेन्सरच्या सिग्नलवर. गुलाबी सोडली तर बोगद्यात आणि उड्डाणपुलाखाली जागा भरकटते.

रंगावर मात्र आंधळा विश्वास नको, आधीच्या मालकाने हार्नेस कापून जोडलेला असू शकतो. गाडीकडून येणाऱ्या वायरींवर मल्टिमीटर लावा: चावी बंद असताना १२ व्होल्ट दिसेल ती पिवळी, चावी फिरवल्यावरच दिसेल ती लाल. दोन्ही एकत्र बांधल्या तर बॅटरी उतरते, उलट जोडल्या तर चावी काढताच सेटिंग पुसतात. पिवळीवर बॅटरीकडच्या बाजूला, युनिटवर छापलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला. काळी म्हणजे अर्थिंगची वायर, ती गाडीच्या रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळा.

हरवलेला जीपीएस अँटेना अ‍ॅक्टिव्ह प्रकारचाच (आत अ‍ॅम्प्लिफायर असलेला, युनिटकडून वीज घेणारा) घ्या. युनिटवरच्या अँटेना सॉकेटच्या मधल्या पिनवर ३ ते ५ व्होल्ट यायला हवेत. शून्य असेल तर दोष युनिटमध्ये आहे, नवा अँटेना घेऊन पैसे घालवू नका. आणि सॉकेटचा फोटो इथे टाका, कारण फाक्रा, एसएमए आणि जीटी५ या अँटेना कनेक्टरच्या जाती एकमेकांत बसत नाहीत.