इंटर्नशिप सांगलीतही दिशा देऊ शकते
जाहिरात संस्थेतील इंटर्नशिप म्हणजे दोन महिन्यांची हमाली आणि शेवटी एक प्रमाणपत्र, हे अनेकांचे मत मला पटत नाही. माझी पुतणी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असताना सांगलीतीलच एका छोट्या संस्थेत जात होती आणि तिच्याकडे हळदीच्या पाकिटाचे काम आले. संगणकावर झळाळणारा पिवळा रंग कागदावर मळकट उतरला, पडदा प्रकाशाचे तीन रंग मिसळतो आणि छपाई चार रंगांच्या शाईवर चालते, हे तिला प्रूफ, म्हणजे छपाईचा तपासणीसाठीचा नमुना, हातात धरल्यावरच उमगले. मात्र तिचे मन रमले ते मजकुरात: निव्वळ वजन, किंमत, शाकाहाराचे हिरवे चिन्ह हे सारे बसवून उरलेल्या दोन बोटे जागेत हळदीविषयी काय सांगावे, यासाठी तिने अकरा मसुदे लिहिले. आज ती कॉपीरायटिंगच, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचे कामच करते. चित्रकला येत नाही म्हणून हे क्षेत्र आपले नव्हे, असे मानणाऱ्या मुलांनी ही बाजू अवश्य पाहावी. विद्यावेतन तेवढे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावे. तिने ते ठरवून घेतले नव्हते आणि एसटीचा खर्चही पदरचाच झाला.