भूत रात्रीच का ओरडतं?

पुण्याच्या शनिवारवाड्यातून पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी नारायणराव पेशव्यांच्या भुताची हाक ऐकू येते म्हणतात. माझं बालपण कसबा पेठेत गेलं. पौर्णिमेला आम्ही पोरं गच्चीवर मुद्दाम जागत बसायचो. ऐकू आली ती फक्त कुत्री आणि शिवाजी पुलावरचे ट्रक. एकदा कुणीतरी ओरडलं खरं, पण ती खालून आईची हाक होती.

मला खटकतं ते वेगळंच. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, तोही भरदिवसा, दुपारी. मग भूत रात्रीचं का ओरडतं? शिवाय ज्या महालांतून ते पोर (वय जेमतेम अठरा!) काकांकडे धावलं, ते १८२८ च्या आगीत जळून गेले. आग म्हणे सात दिवस धुमसत होती. आता उरलेत तट, दरवाजे, जोती आणि हिरवळ. म्हणजे बिचाऱ्यानं धावायचं तरी कुठून कुठे?

आमची आजी मात्र ठाम होती, हाक येते म्हणजे येतेच, तुम्ही झोपता म्हणून कळत नाही. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी या खुनाबद्दल राघोबाला, म्हणजे त्या काकांनाच, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ते मिळालं नाही, म्हणून आत्मा घुटमळतो असं तिचं म्हणणं.

बाकी खून करणाऱ्या सुमेरसिंग गारद्याचं भूत कधी कुणाला दिसलंय का?