गावातल्या घराघराच्या तब्येतीसाठी काहीतरी कायमचं सुरू करायचंय. सुरुवात कुठून करू?

शिरूरची सून:

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. आमचा बचत गट आहे. यंदा गणपतीत आम्ही ठरवलं की नुसते पैसे भरून उठायचं नाही, गावातल्या घरांच्या तब्येतीसाठी काहीतरी करायचं.

मागच्या वर्षी गावात मोठं शिबिर झालं होतं. मंडप, भाषणं, सगळ्यांचं बीपी-शुगर. माझ्या सासूबाईंचं बीपी जास्त निघालं, थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्या संपल्यावर पुढे कोणी विचारलं नाही. सासूबाईंनाही डोकं दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असंच वाटलं. ग्रामपंचायतीसमोर व्यायामाची साधनं बसवली आहेत, पण संध्याकाळी त्यांच्यावर पोरं मोबाइल घेऊन बसतात. बाई तिकडे फिरकत नाही.

आमच्यातल्या काहीजणी म्हणतात योगाचा वर्ग घेऊ, काहीजणी म्हणतात रोज सकाळी चालायला जाऊ. पण दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. अशा गावात काय टिकेल? पैसा फार नाही आमच्याकडे.

निवृत्त सिस्टर, पाथर्डी:

पोरी, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, सगळी नोकरी ऊसतोडीच्या गावांत गेली. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या सासूबाईंच्या गोष्टीतच उत्तर आहे. तपासणी झाली, पण तपासणीनंतर दार वाजवणारं कोणी नव्हतं. बीपी असं आहे की गोळी सुरू असते तोवर ताब्यात राहतं, बंद केली की पुन्हा चढतं, आणि चढलेलं बहुतेकांना कळतही नाही. म्हणून तुमच्या गटाने शिबिर भरवू नये. एक वही घालावी. प्रत्येकीने आपल्या गल्लीतली आठ-दहा घरं वाटून घ्यायची आणि महिन्यातून एकदा जायचं. गोळी कोणाची चालू आहे, किती उरल्यात, पुढची कधी आणायची, पोटुशी कोण आहे, कोणत्या लेकराचं वजन मागच्या महिन्यापेक्षा वाढलेलं नाही, एवढंच लिहायचं. औषध सांगायचं नाही, उपकेंद्राची वाट दाखवायची.

तुमच्या उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल. तिथल्या सीएचओंना, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, आणि तुमच्या आशाताईंना पहिल्या बैठकीलाच बोलवा. आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, असं विचारून गुण देतात. ४ पेक्षा जास्त गुण आले की त्या माणसाची तपासणी आधी करायची. हे काम एकट्या आशाताईंवर पडतं. तुम्ही गल्लीगल्लीत बरोबर गेलात तर माणसं खरं सांगतील.

उदाहरण देते. बाईला विचारलं, तंबाखू खाता का? ती नाही म्हणते. मशेरी लावता का विचारलं तर हो म्हणते, सकाळी लावते, दुपारी लावते, पोटात दुखलं तरी लावते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिच्या तोंडात पांढरा चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, हे बघायला हवं. हा प्रश्न शेजारीण विचारते तेव्हा बाई लाजत नाही.

आता चालण्याचं. जी बाई दिवसभर वाकून खुरपते किंवा कापूस वेचते, तिला पहाटे चालायला चल म्हणू नका. तिला लागतं पोटभर जेवण, झोप आणि कंबर मोकळी करणारे दहा मिनिटांचे ताण. चालायचं ते दुकानात बसणाऱ्यांनी, पारावर बसणाऱ्यांनी, शेतात न जाणाऱ्या सुनांनी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं थोडा दम लागेल असं चालणं सांगते. रोजचा अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. म्हाताऱ्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठायला-बसायला लावा आणि भिंतीला धरून एका पायावर उभं राहायला शिकवा. मांड्यांत बळ राहिलं तर पडणं कमी होतं. पोरं-सुना उसाला गेल्यावर एकट्या म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं तर तिला पाणी कोण देणार, हा विचार करून सांगते.

रक्त कमी असलेलं तर प्रत्येक घरात निघेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय सापडला, आणि पाच वर्षांखालच्या लेकरांत तर ६८.९ टक्के. लोहाच्या गोळ्या सरकार देतं, पण घरोघरी डब्यात पडून राहतात. का, ते मी पाहिलंय. गोळीने शी काळी होते, बाई घाबरते आणि सोडून देते. तिला आधीच सांगायचं की काळी होणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घे. चहाबरोबर घेऊ नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. वर लिंबू पिळलेलं पाणी पी. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी असते, ती त्या खरंच गिळतात का ते बघा. आणि जेवणात शेवग्याचा पाला, तांदुळजा, हरभऱ्याची भाजी, अळीव असू द्या. बहुतेक बांधावरचं, शेतातलंच आहे, फार विकत आणायची गरज नाही.

एक नाजूक गोष्ट, पण ती लिहिलीच पाहिजे. आपल्या भागात तिशीतल्या बायकांची गर्भाशयाची पिशवी काढलेली असते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, म्हणून बाई येते. त्यातलं पुष्कळ साध्या औषधाने बरं होतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून ती दुखणं अंगावर काढते आणि शेवटी कोणीतरी पिशवी काढायला सांगतं. तुमच्या वहीत हा प्रश्न असू द्या, पण तो बाईनेच विचारावा, बाजूला घेऊन. आणि पिशवी काढायचा सल्ला कोणीही दिला तरी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हे गटात पक्कं ठरवा.

हे सगळं गावातल्या बायकांना जमेल का अशी शंका कोणी काढली तर त्याला जामखेडला घेऊन जा, तुमच्यापासून लांब नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. गावातल्याच बायका निवडल्या, कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, लेकरांचं वजन, सगळं शिकवलं. १९७९ मध्ये त्या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या मनावर ठसलंय ते हे, की त्यांनी पुरुषांची शेतकरी मंडळंही बांधली. घरात मीठ-तेल किती यायचं आणि बाईला दवाखान्यात कधी न्यायचं हे पुरुष ठरवतो. त्याला बाहेर ठेवून कुटुंबाची तब्येत सुधारत नाही.

खो-खोचे मास्तर:

सिस्टरांनी मोठ्यांचं सांगितलं, मी पोरांचं सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. गाव उसाला गेलं की आजीजवळ राहिलेली पोरं संध्याकाळी एकटी पडतात. त्यांच्यासाठी शाळेचं मैदान उघडं ठेवा. व्यायामाची साधनं लागत नाहीत. खो-खोला दोन खांब, चुना आणि शिट्टी पुरते. लंगडी आणि कबड्डीला तेवढंही नको. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज तासभर धावपळ हवी असते आणि खो-खोत तो तास कसा गेला कळत नाही.

मुलींची वेळ मात्र वेगळी ठेवा आणि गटातली एक बाई मैदानावर बसू द्या, मग घरचे पाठवतात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. मुलींचा संघ जिंकला, कर्णधार आपली प्रियांका इंगळे. तो सामना मी वर्गात मोबाइलवर दाखवला. त्यानंतर सातवीतल्या मुली स्वतःहून मैदान मागायला आल्या. सुरुवातीला धाप लागणाऱ्या, फिकट मुली ओळखून त्यांची नावं आशाताईंना द्या. रक्त कमी असतं, मैदानावर लगेच दिसतं.

टोळीवाला:

मी बायकोबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातो, पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याकडे. ताई, तुमची वही चांगली आहे, पण आम्ही गेल्यावर ती गावातच राहणार. तिकडे पहाटे तीन-चारला उठून फडात जायचं. दवाखाना कुठे हे माहीत नसतं, कागद नसेल तर गोळी कोणती हेही सांगता येत नाही. माझ्या आईच्या शुगरच्या गोळीचा रंग सांगत फिरलोय मी. निघायच्या आधी प्रत्येकाच्या कागदाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये टाका. टोळी कुठे उतरली ते मुकादमाकडून कळतं, मग तिथलं जवळचं आरोग्य केंद्र शोधून द्या. तेवढं केलं तरी फार उपकार होतील.

शिरूरची सून:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गटात हे सगळं वाचून दाखवलं. योगाचा वर्ग तूर्त बाजूला ठेवला. दसऱ्याआधी टोळ्यांच्या घरांची वही पूर्ण करायची, मग मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे वळायचं. मैदानाचं मुख्याध्यापकांशी बोलले, ते तयार आहेत. पुरुषांसाठी भजनी मंडळाच्या बैठकीत अर्धा तास मागितलाय.

सिस्टर, दोन गोष्टी विचारते. टोळीवाल्यांना जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का? आणि गटाच्या पैशातून बीपीचं मशीन घ्यायचंय, कोणतं घेऊ?

निवृत्त सिस्टर, पाथर्डी:

गोळ्यांचं सीएचओंनी एकटीने ठरवायचं नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना जाऊन भेटा आणि जाणाऱ्यांची यादी हातात ठेवा. नावं, गोळी, जायची तारीख. यादी असली की साठा आधी मागवता येतो. निघायच्या आदल्या दिवशी गेलात तर जमणार नाही, म्हणून आत्ताच जा.

मशीन दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं घेऊ नका. पट्टा दोन मापांचा मिळतो का विचारा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. आणल्यावर आधी उपकेंद्रात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघा. माणूस चालत आला असेल तर पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर, बोलू द्यायचं नाही. अर्ध्या तासात चहा, बिडी, मशेरी झाली असेल तर थांबा. दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. १४०/९० च्या वर आलं तर घाबरवायचं नाही, दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात पाठवायचं. १८०/११० च्या वर असेल, किंवा छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, हातातलं बळ गेलंय असं काही असेल तर थांबायचं नाही. लगेच १०८ ला फोन करायचा.

सासूबाईंचं पहिलं नाव वहीत घाल. उद्याच घेऊन जा त्यांना.