मासेमारीचा पहिलाच रॉड आणि रील, बजेट ४०००: नदीलाही चालेल, धरणालाही चालेल असं काय घ्यावं?

गिरणाकाठ_नवखा

राम राम मंडळी. आतापर्यंत बांबूची काठी आणि तंगूस (नायलॉनची दोरी) एवढ्यावरच भागत होतं. आता रॉड-रील घ्यायची आहे. बजेट ३५००, फार तर ४०००, आणि त्यातच तंगूस, गळ, शिसं सगळं बसवायचंय.

जागा: पाचोरा-भडगाव पट्ट्यातले गिरणेचे डोह आणि बंधारे, वाघूर धरण, कधीमधी हतनूर. जाणं मोटरसायकलवर. मासे म्हणजे चिलापी, सायप्रिनस (कॉमन कार्प), रोहू, मृगळ, जमला तर कटला. पाणी निवळलं की मरळीसाठी बेडूक-ल्यूरही (बेडकाच्या आकाराचं नकली आमिष) टाकायचा आहे. दोन रॉड परवडणार नाहीत, एकातच भागवायचंय.

७ फूट घेऊ की ९? घडीचा (टेलिस्कोपिक) चालेल का? रील कितव्या नंबरची (मापाची), २०००, ३००० की ६०००? एका दुकानात रॉड, रील, दोरी आणि गळांचा डबा असा अख्खा सेट १८०० ला मिळतोय, रीलवर १३ बेअरिंग लिहिलंय. तो घेतला तर काय बिघडेल?

तापीकाठ

भाऊ, तो सेट राहू द्या. बेअरिंगच्या आकड्यावरून रीलची पारख होत नाही. तीन-चार चांगली बेअरिंग असलेली रील तेरा भिकार बेअरिंगच्या रीलपेक्षा कितीतरी जास्त टिकते. स्वस्त रीलचा जीव जातो तो तीन ठिकाणी: ड्रॅगच्या (मासा जोरात ओढू लागला की दोरी सोडणाऱ्या ब्रेकच्या) चकत्या, बेलवरचा (दोरी स्पूलवर घेणाऱ्या तारेच्या कमानीवरचा) दोरीचा रोलर आणि हँडल उलटं फिरू न देणारं बेअरिंग. ड्रॅग अडकत-अडकत सुटला की दोन किलोचा सायप्रिनस पहिल्याच धावेत तंगूस तोडतो. रोलर फिरला नाही की दोरी त्यावर घासते आणि पीळही भरतो. खोक्यावर या तिन्हींबद्दल काहीच लिहिलेलं नसतं. सेटमधली दोरी तर बहुतेक वेळा जुनी, कडक झालेली असते.

तुमच्या जागा आणि मासे बघता माझं मत: ८ फुटी (२.४० मीटर) स्पिनिंग रॉड, दोन तुकड्यांचा, मीडियम, वजनाची क्षमता १०–३० ग्रॅम. त्यावर ३००० नंबरची रील आणि ०.३० मिमी तंगूस. चिलापीपासून चार-पाच किलोच्या रोहूपर्यंत हा जोड पुरतो.

पैशाची वाटणी मात्र बहुतेक जण उलटी करतात. रॉडवर जोर देतात आणि रील उरलेल्या पैशात बघतात. तुम्ही रीलला १७००–१८०० ठेवा, रॉडला १२००–१३००, तंगूसला ३००, बाकी गळ, शिसं, स्विव्हल (फिरती कडी), फ्लोट (तरंगणी). साध्या फायबर-कार्बन मिश्र रॉडनेही मासा निघतो, पण ड्रॅग खराब असेल तर नाही निघत. शिमानोच्या एफएक्स, सिएना किंवा त्या पातळीच्या ओकुमा, दाइवाच्या सुरुवातीच्या रील बघा. भाव दुकानागणिक बदलतो. जळगाव-धुळ्यात पसंतीचं मिळालं नाही तर ऑनलाइन मागवा, पण पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. रॉडचं टोक वाटेत मोडून येणं ही नेहमीची तक्रार आहे.

रीलचा नंबर सगळ्या कंपन्यांत एकाच मापाचा नसतो, म्हणून स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चाकावर) काय लिहिलंय ते वाचा. ०.३० मिमी दोरी निदान १५० मीटर बसली पाहिजे. २००० ची रील चिलापीला छान, पण ०.३० ची दोरी तिच्यावर कमीच मावते. ६००० ची रील साधारण अर्धा किलोची असते. ८ फुटी हलक्या रॉडवर ती लावली की तोल बिघडतो आणि तासाभर बेडूक फेकला की मनगट भरून येतं.

आता या जोडाची मर्यादा. १०–३० ग्रॅम ही क्षमता एकूण वजनाची आहे, नुसत्या शिशाची नाही. २० ग्रॅम शिसं आणि लिंबाएवढा कणकेचा गोळा मिळून सहज ४० च्या वर जातात. एवढं वजन जोरात झटकून फेकलं की रॉड जोडापाशी तडकतो, आणि दोष कंपनीला दिला जातो. २० ग्रॅम शिशाबरोबर गोळा सुपारीएवढाच ठेवा. मोठाच गोळा लावायचा असेल तर शिसं १० चं करा आणि न झटकता, झोका देऊन टाका.

वाघूर_किनारा

रीलबद्दल सहमत, लांबीबद्दल नाही. धरणाच्या भिंतीला दगडी पिचिंग असतं, काठापासून पाण्यात पाच-सहा फूट दगडच दगड. मासा आणताना दोरी त्या कडांवरून वर उचलून धरावी लागते. तिथे ९ फूट (२.७० मीटर) रॉडचा फायदा स्पष्ट आहे. फेकही लांब जाते. चारा लावून बसणं हेच मुख्य काम असेल तर ९ फूट घ्या.

मरळीसाठी मात्र ९ फूट त्रासाचा. बाभळीखाली, बेशरमाच्या झुडपांत उभं राहून नेमक्या जागी बेडूक टाकायचा तर ७ फूटच बरा. म्हणजे ८ फूट ही दोन्हीकडची तडजोड आहे. प्रश्नकर्त्याने आधी ठरवावं की दहातल्या किती फेऱ्या चाऱ्याच्या असतील. आठ असतील तर ९ फूट. निम्म्या-निम्म्या असतील तर तापीकाठ म्हणतात ते बरोबर.

टेलिस्कोपिक नकोच. मोटरसायकलवर न्यायला सोपा, एवढाच त्याचा गुण. सांध्यांत काठची बारीक वाळू शिरली की तुकडे एकमेकांत घट्ट बसतात, ओढताना कांडी चिरते. वरच्या नळ्या फार पातळ असतात आणि दोरी जाणाऱ्या कड्या दर वेळी हाताने रांगेत आणाव्या लागतात. दोन तुकड्यांचा ८ फुटी रॉड चार फुटांचा होतो. तो पीव्हीसी पाइपात घालून, पाइप गाडीला आडवा न बांधता लांबीच्या दिशेने बांधा. पाइपाच्या दोन्ही टोकांना फोम कोंबा, नाहीतर खड्ड्यांत टोकाची कडी मोडते.

दुकानात रॉड बघताना एक गोष्ट चुकवू नका. प्रत्येक कडीच्या आतल्या चिनी मातीच्या रिंगेतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला म्हणजे तिथे तडा आहे, आणि तो तडा दर फेकीला दोरी तासतो. मग दोन तुकडे जोडून, डोळा लावून कड्या एका रेषेत आहेत का बघा, आणि रॉड हलवून जोड खडखडत नाही ना ते पाहा. रीलचं हँडल अगदी हळू फिरवा. मध्येच घरघर किंवा अटकाव जाणवला तर दुसरी मागा. बेल उघडून मिटवा, खाडकन बसली पाहिजे. दोरी रोलरवरून ओढून रोलर खरंच फिरतो का तेही तिथेच बघून घ्या.

गिरणाकाठ_नवखा

मनापासून आभार. माझ्या निम्म्याहून कमी फेऱ्या ल्यूरच्या असतील, तरी ८ फूटच घेतो, कारण बंधाऱ्यावर झाडी आहे. अजून दोन शंका. तंगूस घेऊ की ब्रेड (विणलेली दोरी)? आणि डोहात पाणी १२–१५ फूट आहे. ८ फुटी रॉडने एवढ्या खोलीवर फ्लोट लावता येईल का? बांबूला दोरी मोकळी असायची, इथे फ्लोट टोकाच्या कडीलाच अडेल ना?

डोह_आणि_दोरी

बरोबर ओळखलंत. पक्का बांधलेला फ्लोट रॉडच्या लांबीपेक्षा खोल लावता येत नाही. उपाय म्हणजे सरकता फ्लोट. मुख्य दोरीवर क्रमाने: रबरी स्टॉपर (किंवा जाड दोऱ्याची घट्ट गाठ), बारीक मणी, मधून भोक असलेला फ्लोट, शिसं, स्विव्हल, आणि त्याला ३०–४० सेंमी ०.२५ मिमीची गळदोरी. फेकताना फ्लोट खाली शिशावर येऊन बसतो, गाठ कड्यांतून निघून स्पूलवर जाते. पाण्यात शिसं बुडालं की दोरी फ्लोटमधून सरकत राहते आणि गाठ मण्याला अडते. तीच तुमची खोली. गाठीची शेपटं एक सेंमी तरी ठेवा. आखूड कापली तर गाठ सुटते. मणी विसरलात तर गाठ सरळ फ्लोटच्या भोकातून आत जाते आणि सगळं तळाला.

गळदोरी मुख्य दोरीपेक्षा बारीक ठेवण्यामागे कारण आहे. अडकलं तर तीच तुटते, फ्लोट आणि शिसं परत येतं. तापी-गिरणेत काळा दगड भरपूर, तिथे हा खर्च वाचतो.

गळाचे नंबर उलटे चालतात, आकडा वाढला की गळ लहान. चिलापीला ८–१०, रोहू-मृगळला ४–६, कटल्याला २ किंवा १. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात चरतो, म्हणून त्याच्यासाठी फ्लोट तीन-चार फुटांवर आणा. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी, तिथे चारा जमिनीला टेकू द्या. चाऱ्याला शेंगदाण्याची पेंड आणि कणीक निम्मी-निम्मी, पाणी अगदी थोडं. गोळा बोटाला चिकटला तर पाणी जास्त झालंय आणि फेकतानाच तो सुटेल. चिमूटभर कापूस पिंजून आत मळला की गोळा धरून राहतो. जागा लावायला (मासा तिथे जमवायला) भिजवलेली सरकीची ढेप दोन मुठी पुरे. जास्त टाकली तर मासा तीच खात बसतो.

ब्रेड की तंगूस: पहिली दोरी तंगूसच. ते ताणतं, म्हणून ड्रॅग लावण्यातली किंवा झटका देण्यातली चूक पोटात घेतं. दगडाला घासून टिकण्यातही सारख्या जाडीच्या ब्रेडपेक्षा उजवं. ब्रेड ताणतच नाही, त्यामुळे गवतातून बेडूक ओढताना आणि मरळीच्या तोंडात गळ रोवताना त्याला तोड नाही. पुढे २० पौंडी ब्रेड भरलेला दुसरा स्पूल घ्या. ब्रेडखाली आठ-दहा मीटर तंगूस आधी गुंडाळा, नाहीतर अख्खा गठ्ठा गुळगुळीत स्पूलवर गोल फिरतो आणि ड्रॅगच गेला असं वाटतं. पुढच्या टोकाला ०.४० मिमी तंगूसचा अर्धा मीटर लीडर (पुढची जोडदोरी) हवाच.

तंगूस भरताना दोरी आधी रॉडच्या कड्यांतून घ्या, मग स्पूलला बांधा. हे उलट झालं तर सगळं उकलून पुन्हा करावं लागतं. विकतची गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवा, ओल्या फडक्यातून दोरी चिमटीत धरून वीस-पंचवीस वेढे भरा, मग रॉड खाली करून दोरी ढिली सोडा. वेटोळी पडली तर गुंडाळी उलटी ठेवून पुढे चला. स्पूलच्या कडेपासून २ मिमी जागा सोडून थांबा. काठोकाठ भरली तर फेकताना एकदम दहा-दहा वेढे सुटून घरटं होतं, आणि कमी भरली तर दोरी कडेला घासत जाते, फेक आखूड पडते.

आणि बेल हाताने मिटवा. हँडल फिरवून मिटवली की दर फेकीला थोडा पीळ आणि एखादं ढिलं वेटोळं आत जातं. मासा दोरी नेत असताना हँडल फिरवत राहणं ही त्याहून मोठी चूक. ड्रॅग सुटत असतो आणि दोरीत नुसता पीळ भरत असतो. त्या वेळी हात थांबवायचा.

तापीकाठ

ड्रॅगचा आकडा राहिला. ०.३० मिमी चांगलं तंगूस साधारण ६ किलोला तुटतं, गाठीपाशी त्याहून आधी. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या भागावर लावा, म्हणजे दीड ते दोन किलो. सामान मोजायचा हुकाचा काटा दोरीला बांधा, रॉड ४५ अंशात धरा आणि कुणाला तरी काटा ओढायला सांगा. दीड किलोवर स्पूल सलग, न अडखळता फिरला पाहिजे. मासा दोरी लांब घेऊन गेला की स्पूलवरचा व्यास घटतो आणि तोच ड्रॅग आपोआप जड होतो. लांब धावेत नॉब आवळायचा नसतो. घरी आल्यावर मात्र ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवा, नाहीतर चकत्या दबून राहतात.

गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरडी आवळली की तंगूस घासून गरम होतं आणि नेमकं तिथेच तुटतं.

मासा काठाशी आला की रॉड उभा करून, त्याच्या जोरावर उचलायचा नाही. रॉड पाठीमागे गेला की सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो आणि तो मोडतो. ३०० रुपयांत लांब दांड्याची हातजाळी मिळते, ती बजेटमध्ये बसवा.

प्रकाशा_बॅरेज

दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत.

कार्बन वीजवाहक आहे, आणि मिश्र रॉडमध्येही कार्बन असतोच. नदीकाठच्या मोटारींच्या तारा आपल्याकडे खाली लोंबलेल्या असतात. फेकण्याआधी वर बघा, ताराखालून जाताना रॉड सोडवून आडवा न्या. वीज कडाडायला लागली की रॉड खाली ठेवून काठ सोडा.

दुसरं, धरणं आणि तलाव मासेमारीसाठी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. संस्थेच्या माणसाला विचारून, असेल ती पावती घेऊनच बसा. त्यांनी बीज सोडलेलं असतं, त्यावर त्यांचं पोट आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोहू-कटला अंड्यावर असतात. पोट फुगलेली मादी लागली तर हात ओला करून धरा, गळ काढा आणि पाण्यात सोडा.

उन्हाळ्यात रॉड-रील गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडचं ४४–४५ अंशांचं ऊन तंगूसला लवकर कडक करतं. नखाने दाबल्यावर दोरीला पांढरी खूण उमटून राहिली की ती बदला. रील पाण्यात बुडवून धुऊ नका. ओल्या फडक्याने माती पुसा, महिन्यातून एकदा रोलरवर आणि हँडलच्या बोंडावर मशीन ऑइलचा एकेक थेंब टाका. ड्रॅगच्या चकत्यांना मात्र ते तेल लागू देऊ नका.