घर विकायला दोन महिने आहेत, अंगणाला आधी कुठून हात लावू?

मोगऱ्याची_लेक
आई-बाबांचं घर विकायचं ठरलंय. तीन वर्षं बंद होतं, त्यामुळे अंगणाची पार रया गेली आहे. फाटकापासून दारापर्यंत जेमतेम वीस पावलं, पण मधुमालती इतकी माजलीय की वाकून जावं लागतं. हिरवळीत नागरमोथा शिरलाय. मोठ्या खोलीच्या खिडकीखाली आईचा फुलांचा वाफा आहे, त्यात आता नुसती माती उरलीय आणि एका टोकाला तिचा मोगरा. माळी म्हणतो, नवी हिरवळ लावा, कारंजं बसवा आणि मागचं मोठं झाड बोडकं करा म्हणजे उजेड येईल. एवढा खर्च करायला जीव धजत नाही. आणि खरं सांगायचं तर आईच्या हातचं काही उपटायलाही हात उचलत नाही. काय करू?

खुरपंवाला
ताई, कारंज्याचं डोक्यातून काढून टाका. नव्या माणसाला ती देखभालीची कटकट वाटते. आधी वाट मोकळी करा. वेल दाराच्या आणि खिडक्यांच्या चौकटीपासून हातभर मागे घ्या. मधुमालती नव्या फुटव्यांवर फुलते, त्यामुळे छाटायला घाबरू नका. जिथे ती भिंतीला बिलगली असेल तिथे मात्र ओढू नका, गिलावा सुटून येतो. बुडाशी कापा, चार दिवस वाळू द्या, मग अलगद काढा.

नागरमोथा दोन महिन्यांत संपणार नाही, हे आधीच सांगतो. वरची पाती उपटली तर खालच्या गाठी जमिनीतच राहतात आणि आठवड्यात पुन्हा हिरवे कोंब दिसतात. माती ओली असताना खुरपं खोल घालून उचललंत तर दोऱ्यात ओवल्यासारख्या काळ्या गाठी हाताला लागतील. तेवढ्या दारासमोरच्या पट्ट्यातून काढा. बाकी हिरवळ नियमित कापत राहा, पण एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, नाहीतर पिवळी पडेल. तयार हिरवळीचे तुकडे लावायचेच असतील तर फक्त टकलं पडलेल्या जागी लावा. मुळं धरायला दोन-तीन आठवडे आणि रोजचं पाणी लागतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

जुनं_जोतं
मला त्या खिडकीखालच्या वाफ्याचं विचारायचं आहे. त्याची माती जोत्याच्या वर चढली आहे का? आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं. वर्षानुवर्षं खत आणि माती घालत गेलो, वाफा उंच होत गेला, आणि खोलीतल्या भिंतीचा रंग का फुगतो ते कुणालाच कळेना. दोनदा रंग काढला. घर बघायला आलेल्या गृहस्थांनी फुलांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ भिंतीपाशी खाली बसले, बोटाने माती बाजूला केली आणि ओला गिलावा दाखवला. त्यानंतरचं सगळं बोलणं भाव पाडण्याचंच झालं.

माती काढायला मला दोन दिवस लागले असते. ते मी आधी केलं नाही, याची हळहळ अजून वाटते. म्हणून कळकळीने सांगतो, फुलांच्या आधी हे करा. माती जोत्याच्या माथ्याखाली निदान 15 सेंटीमीटर उतरवा. जमिनीला घरापासून दूर जाणारा उतार द्या, 10 फुटांत 6 इंच चांगला. पागोळ्यांचं पाणी वाफ्यात पडत असेल तर ते पन्हळीने लांब न्या. भिंत पुरती वाळू द्या, रंगाचं नंतर बघा. आणि ओल होती हे विचारणाऱ्याला खरं सांगा, काय दुरुस्त केलंत तेही दाखवा.

सावलीतली
झाड बोडकं करू देऊ नका, एवढंच सांगायला आले. शेंडा उडवलेल्या झाडाला जखमांपाशी भराभर कोंब फुटतात. त्यांची पकड कच्ची असते, पुढे वाऱ्याला तेच मोडतात. उजेडच हवा असेल तर खालच्या फांद्या आणि वाळकं लाकूड जाणकाराकडून काढून घ्या, एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पानोळा नको. मोठ्या झाडाला कुऱ्हाड लावायला बऱ्याच ठिकाणी परवानगीही लागते. भरदार सावली हे त्या घराचं वैभव आहे, ते उभं करायला कुणाच्याही पैशाने वीस वर्षं लागतील.

मोगऱ्याची_लेक
काल वाफा उकरला. खरंच माती जोत्याच्या चार बोटं वर होती आणि मागचा गिलावा हाताला गार लागला. अर्धी माती मागच्या खड्ड्यात नेऊन टाकलीय. आता प्रश्न मोगऱ्याचा. तो भिंतीला लागूनच आहे. मुळापासून काढून सोबत नेऊ का?

खुरपंवाला
इतकं जुनं झाड उपटलंत तर दगावण्याची भीती आहे. शिवाय जमिनीतली झाडं घराबरोबर जातात असंच घेणारा धरून चालतो. त्यापेक्षा दाब कलम करा. खालची लवचीक फांदी जमिनीकडे वाकवा, पेराखालची साल थोडी खरवडा, तो भाग भुसभुशीत मातीत दाबा आणि वर वजन ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या, माती ओली ठेवा. मुळं धरायला दोन महिने किंवा थोडं जास्त लागेल, म्हणून आजच करा. जमिनीऐवजी कुंडीतच दाबलीत तर मुळं न दुखवता नेता येईल.

मोगऱ्याची_लेक
केलं. फांद्या दोन होत्या, दोन्ही दाबल्या, वेगवेगळ्या कुंड्यांत. वर वाफ्याच्या कडेच्या विटा ठेवल्या, आईनेच लावलेल्या. एक कुंडी माझी, एक बहिणीची.