मेंदूच्या गाठीला एफडीजी पेट का करतात?

निशिगंध:
मामाचं ग्लायोमाचं (मेंदूच्याच पेशींची गाठ) ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, आणि पाच महिन्यांनी एमआरआयवर त्याच जागी परत पांढरं काहीतरी. गाठ परत आलीय की रेडिएशनने मेलेला भाग आहे ते कळेना म्हणून एफडीजी पेट केला, म्हणजे किंचित किरणोत्सारी औषध (ट्रेसर) टोचून ते कुठे जमतं ते बघायचा स्कॅन. सकाळपासून उपाशी, शुगर बघितली, मग अंधाऱ्या खोलीत गप पडून, बोलायचंही नाही. आणि रिपोर्टमध्ये काय, तर नक्की सांगता येत नाही. अहो एफडीजी म्हणजे ग्लुकोजचाच भाऊ आणि मेंदू तर दिवसरात्र ग्लुकोजच खातो, मग सगळा मेंदूच पेटलेला दिसणार ना? एफईटी, एफ-डोपा, मेथिओनिन हे अमिनो अ‍ॅसिडवाले ट्रेसर चांगल्या मेंदूत कमी जातात, गाठ उठून दिसते. मग आधी तेच का नाही करत?

अणुरेणू:
मी पेट स्कॅनच्याच खात्यात टेक्निशियन आहे. मेथिओनिन कार्बन-११ वर बनतं, दर २० मिनिटांनी निम्मं संपतं, म्हणजे सायक्लोट्रॉन (असे किरणोत्सारी अणू बनवायचं यंत्र) आवारातच हवा. एफडीजी फ्लोरिन-१८ वर, निम्मं व्हायला ११० मिनिटं मिळतात, शिशाच्या डब्यातून गाडीने दुसऱ्या गावाला पोचतं. आणि सरसकट नावं ठेवू नका, मेंदूतला लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) एफडीजीवर असा झळकतो की बघत राहावं.

निशिगंध:
लिम्फोमाचं मान्य. पण एफईटीपण फ्लोरिन-१८ च ना, त्यालाही ११० मिनिटंच. मग गाडी त्यालाच का मिळत नाही? २०१६ मध्येच रानो या मेंदूच्या गाठींच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ग्लायोमासाठी अमिनो अ‍ॅसिड पेट एफडीजीपेक्षा सरस म्हणून सांगितलंय.

अणुरेणू:
मागणी नाही म्हणून. दोन पेशंटसाठी अख्खी बॅच लावणं परवडत नाही. शिवाय एफ-डोपा स्ट्रायटममध्ये (मेंदूच्या आतला एक भाग) मुळातच जातो, गाठ तिथे चिकटून असली की पंचाईत, आणि काही लो ग्रेड (हळू वाढणाऱ्या) गाठी एफईटी घेतच नाहीत. रेडिएशनने मेलेला भागसुद्धा कधीकधी थोडा ट्रेसर उचलतो.

सायलीची_आई:
माझ्या मेनिन्जिओमाला (मेंदूच्या आवरणाची गाठ) गॅलियम-६८ डोटाटेट या ट्रेसरचा पेट केला. गॅलियम हॉस्पिटलातच ठेवलेल्या जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणातून काढतात, सायक्लोट्रॉन लागत नाही. पिट्युटरी ग्रंथीपण उजळते, ती माझी स्क्रीनवर ठिपक्यासारखी दाखवली होती. ट्रेसर गाठ बघून निवडा एवढंच म्हणणं.

निशिगंध:
अणुरेणू, मागणी नाही म्हणता, पण पेशंटला नावच माहीत नाही तर तो मागणार कुठून? आम्हाला कुणीच सांगितलं नाही, मीच शोधलं. शेवटी दुसऱ्या शहरात एफ-डोपा झाला, त्या जागी ट्रेसर काही उचललेला नाही, म्हणजे गाठ परत आल्यासारखी दिसत नाही. तूर्त कवटी परत उघडायची नाही असं ठरलंय, तीन महिन्यांनी परत एमआरआय. गाठ स्ट्रायटमपासून लांब होती हे आमचं नशीब, तुमचं वाचून आत्ता कळलं.